कन्हानची लाइन

नवतपा लागला की दुपारी बारा ते चार मी कुणालाही काम सांगत नाही. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला आधी कूलरसमोर बसवते, माठातलं पाणी आणि गुळाचा खडा देते, मग कागदावर सही करते. तो घाईत असतो. "काकू, अजून दहा घरं बाकी आहेत," म्हणतो. मी म्हणते, बस पाच मिनिटं, दहा घरं कुठे पळून जात नाहीत. सून गालात हसते. सासूबाईंचं हे एक खूळ आहे, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलंय. परवा तिनं नळ दुरुस्त करणाऱ्याला दीड वाजता बोलावलं, तेव्हा मी तिच्या हातून फोन घेऊन त्याला म्हटलं, पाचनंतर या. ती रागावली नाही, पण विचारलं, "आई, एवढं काय त्यात?" मी फोन तिच्या हातात परत दिला. चाळीसेक वर्षं घरात कुणाला सांगितलेलं नाही.

बाहेर बघवत नाही असा उजेड आहे. रोहिणी नक्षत्रात सूर्य आला की नऊ दिवस नागपूर असंच होतं. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं. कुत्री नालीत जाऊन झोपतात. गुलमोहर तेवढा लालभडक पेटलेला, आणि त्याच्याखाली उभं राहायला कुणी नाही. घराघरांतून कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. तो वास लोकांना आवडतो. मलाही आवडायचा. आता तो आला की माझ्या खांद्यांना थंडी वाजते, कारण त्या उन्हाळ्यात मी भर मे महिन्यात शाल पांघरून बसत होते.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. गणितात एमएस्सी करून मी एका खाजगी कंपनीच्या संगणक विभागात लागले होते. कंपनी कोळसा पोचवणारी. मुख्य कचेरी रामदासपेठेत, कोळशाचा डेपो कन्हानला, नदी ओलांडली की रेल्वेच्या सायडिंगला लागून. अख्ख्या इमारतीत वातानुकूलित खोली एकच, आणि ती संगणकाची. मोठे साहेबसुद्धा पंख्याखाली घाम पुसत बसायचे आणि आम्ही मात्र दाराशी चपला काढून आत गेलो की हुडहुडायचो. कपाटाएवढं ते यंत्र, त्याची एकसुरी गुणगुण, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे लांबच लांब कागद. चोवीस वर्षांची मी, त्या खोलीत बसले की मला जगात कशाचीच भीती वाटत नसे.

माझ्याकडे काम आलं होतं ते नवंच होतं. डेपोतल्या वजनकाट्यावर ट्रक मोजले जात, आणि ती वजनं संध्याकाळी कागदावर लिहून मोटारसायकलवरून रामदासपेठेत येत. बुटीबोरीजवळच्या गोदामाचंही तसंच. आता तिन्ही ठिकाणं टेलिफोनच्या भाड्याच्या लाइनींनी जोडायची होती, आणि एकाच लाइनवरून अनेकांचं बोलणं एकाच वेळी चालवायचं होतं. त्यासाठी प्रत्येक मजकुराचे लहान लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक घालायचा. मग हे तुकडे एकमेकांत मिसळून गेले तरी चालतं, पलीकडचा संगणक ते क्रमानं लावून घेतो आणि मिळाल्याची पोच पाठवतो. पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवायचा. पॅकेट म्हणत त्या तुकड्याला. हे सगळं करणारा प्रोग्राम मी लिहीत होते. मुंबईहून मागवलेल्या एका जाड पुस्तकाच्या आधारानं, खोडत, पुन्हा लिहीत.

आणि लाइन सांभाळत होते गजभिये.

पस्तिशीचे असतील. बारीक अंगाचे, हसले की एका गालावर खळी पडायची, आणि खिशाला तीन रंगांच्या तारांची भेंडोळी. कामठीला राहायचे. डेपोचं आवार इतकं मोठं की फाटकापासून वजनकाट्यापर्यंत मैलभराचं अंतर, आणि तेवढे खांब, तेवढी तार कंपनीची स्वतःची. लोखंडी खांब. ती सगळी तार गजभियेंनी स्वतःच्या हातानं ओढलेली. ते आठवड्यातून दोनदा रामदासपेठेत यायचे, डोक्याला पांढरा दुपट्टा, शर्टाच्या खिशात कांदा. लू लागू नये म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात बाळगतात तसा. आमच्या थंड खोलीत आले की कांदा काढून टेबलावर ठेवायचे. मी नाक मुरडायची.

"हसू नका मॅडम," ते म्हणायचे. "तुमच्या पाकिटायले एसी आहे, माह्यासाठी हा कांदाच आहे."

पॅकेटला ते पाकीट म्हणत. पुढं पुढं मीही म्हणू लागले.

ते सातवी शिकलेले, पण लाइन त्यांना कानानं कळायची. हातातला टेस्टिंगचा फोन तारेला लावून डोळे मिटून ऐकायचे. एकदा मलाही ऐकवलं होतं. मला नुसती खरखर ऐकू आली. ते म्हणाले, "बारीक खरखर आहे ना, ती ओली जागा आहे. आन् टिकटिक आली तर जोड सैल. हे तर साफ आहे, पाहा, दूध आहे दूध." आपल्या प्रत्येक जोडाबद्दल ते असं बोलायचे जसं एखादी बाई आपल्या हातच्या कुरड्यांबद्दल बोलते. जोड पिळून, त्यावर कथलाचा डाग देऊन, वरून पट्टी गुंडाळायचे. बाकीचे लोक नुसतं पिळून सोडतात, हे ते दर वेळी सांगायचे.

कन्हानहून पहिला मजकूर आला तो एप्रिलमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास. पडद्यावर एका ट्रकचा नंबर आणि त्याचं वजन उमटलं. बस, एवढंच. पण मी खुर्चीवरून उठले आणि फोनवर ओरडले, "आलं! गजभिये, आलं!" पलीकडून ते तितक्याच जोरात म्हणाले, "पूरं आलं का अर्धं?" पुढच्या खेपेला ते आले तेव्हा घरून करंज्या घेऊन आले होते. बायकोनं दिल्या म्हणाले. तिला काय सांगितलं तुम्ही, मी विचारलं. "सांगतलं, कन्हानचा ट्रक मी तारेतून नागपूरले पाठवला." त्या करंज्या आम्ही यंत्राच्या खोलीत खायला बंदी होती म्हणून जिन्यात बसून खाल्ल्या.

हे आठवताना मला नेहमी वाटतं की इथंच थांबावं. जिन्यात, करंजीचं सारण बोटांना लागलेलं असताना.

मे महिना चढला आणि लाइन अडू लागली. सकाळी सगळं नीट. बाराच्या सुमारास पडदा थिजायचा. कन्हानच्या टोकाला माझा प्रोग्राम तीच ती पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा, इकडून पोच जायची, पण पुढचं काही सरकायचं नाही. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की थोडा वेळ चालायचं, परत थिजायचं. दीड-दोनला आपोआप सुटायचं. रोज. मी तक्ता करून भिंतीवर लावला. ऊन वर चढतं तशी लाइन बिघडते, हे त्या तक्त्यावर कुणालाही दिसलं असतं. तापल्यावर तार लांबते, जोड ढिले पडतात, सोपं होतं. आमच्या विभागाचे प्रमुख पाठक साहेब तक्ता बघून म्हणाले, "शाबास. म्हणजे आपल्याकडे काही नाही."

आपल्याकडे काही नाही. किती बरं वाटलं होतं ते ऐकून.

गजभियेंनी सगळे जोड उलगडून पुन्हा बांधले. मग आणखी एकदा. दर वेळी फोन करून सांगायचे, लाइन साफ आहे मॅडम. आणि दर वेळी दुपारी बाराला पडदा थिजायचा.

नवतप्याचा तिसरा की चौथा दिवस होता. मुंबईहून कंपनीचे संचालक येणार होते, तीन वाजता त्यांना हे सगळं चालताना दाखवायचं होतं. पावणेबाराला पडदा थिजला. मी फोन लावला.

"गजभिये, लाइन गेली."

"लाइन नाई गेली मॅडम. मी सकाळी सहालेच साऱ्या खांबांवर जाऊन आलो. कान लावून ऐकली. साफ आहे."

"मग पाकिटं का अडकतात?"

ते फार जपून, माझा मान राखत म्हणाले, "एकडाव तुमच्याकडे पाहून घ्या ना. प्रोग्रामात. मले त्यातलं समजत नाही, पण पाहून घ्या."

मला ते लागलं. आज कबूल करते, लागलं. सातवी शिकलेला माणूस मला माझा प्रोग्राम बघायला सांगत होता. मी म्हटलं, "माझ्याकडे सगळं तपासलंय. तुम्ही परत एकदा खांब बघून या."

"आता?"

"तीन वाजता साहेब येणार आहेत."

"चार वाजता पाहतो ना मॅडम. आता खांबाले हात लावता येत नाही."

"चारला बघून काय उपयोग, गजभिये?"

फोनमध्ये खरखरसुद्धा नव्हती. लाइन खरोखर साफ होती. हे मला नंतर किती वेळा आठवलं असेल! त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बरं," ते म्हणाले. "जातो."

मी शाल नीट ओढून घेतली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

दीडला पडदा हलू लागला. पाकिटं धडाधड येऊ लागली. मी पाठक साहेबांना म्हटलं, बघा, जोडच होता, सापडला त्यांना. तीन वाजता संचालक आले, कन्हानचे ट्रक आणि बुटीबोरीची पोती एकाच पडद्यावर बघून त्यांनी टाळी वाजवली. संत्रा बर्फीचा डबा फिरला. मी दोन वड्या खाल्ल्या.

चारला डेपोतून फोन आला. एका ट्रक ड्रायव्हरला गजभिये खांबाशी टेकून बसलेले दिसले होते. शिडी खांबाला लावलेलीच होती. त्यानं हाक मारली, तर ते उठले नाहीत.

आधी कामठीला नेलं, तिथून रामदासपेठेतल्या एका मोठ्या दवाखान्यात, आमच्या कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर. मी गेले तेव्हा त्यांच्या अंगावर बर्फाच्या पिशव्या होत्या. अंग कोरडं, भाजलेल्या विटेसारखं. तळहातांना फोड आले होते, लोखंडाचे. दारात एक बाई उभी होती, हातात त्यांचा दुपट्टा. तिनं मला ओळखलं नाही. मीही सांगितलं नाही. नर्सनं तिला विचारलं, "पेशंटले उन्हात कोनं जाऊ दिलं वं?" तिनं नुसती मान हलवली. तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते गेले.

त्यानंतर चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं. गार वारा सुटला, लोक गच्चीवर गेले. डेपोत मात्र उन्हामुळे अडून पडलेले ट्रक एकदम आले होते, काट्यावर रांग लागली होती. आणि त्या गार हवेत, सकाळी दहालाच, पडदा थिजला.

मी प्रोग्रामच्या छापील कागदांचा गठ्ठा जमिनीवर पसरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.

पाकिटांचे क्रमांक शून्य ते सात. सातानंतर पुन्हा शून्य. म्हणून पोच न मिळालेली पाकिटं एका वेळी सातच वाटेत असू द्यायची, आठवं सोडायचं नाही. सोडलं, तर नव्या फेरीतलं शून्य आणि जुन्या फेरीतलं शून्य पलीकडच्याला वेगळं ओळखता येत नाही. तो नव्याला जुनं समजून फेकून देतो, पोच मात्र पाठवतो, आणि मग सगळंच अडतं. पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. माझ्या प्रोग्रामात एका जागी 'सातापेक्षा लहान' असं हवं होतं, तिथं मी 'सात किंवा त्याहून लहान' लिहिलं होतं. गर्दी नसताना आठवं पाकीट सोडायची वेळच यायची नाही. सकाळी बाहेर गेलेले ट्रक बाराच्या सुमारास परतायचे, काट्यावर झुंबड उडायची, आणि दीडला ड्रायव्हर जेवायला बसले की सगळं सुटायचं. उन्हाचा आणि तारेचा काही संबंध नव्हता. ऊन आणि ट्रक एकाच वेळी येत होते, एवढंच.

मी एक चिन्ह खोडलं. त्यानंतर कन्हानची लाइन पुन्हा कधी अडली नाही.

चौकशी बसली. डेपोच्या मॅनेजरनं लिहून दिलं होतं की गजभिये जेवणाच्या सुट्टीत स्वतःहून गेले, कुणी पाठवलं नव्हतं. तसं ठरलं असतं तर त्यांच्या बायकोला कंपनीत नोकरी मिळाली नसती. मी निवेदन लिहून पाठक साहेबांकडे नेलं. त्यात दोन गोष्टी होत्या. गजभिये यांना मी पाठवलं. आणि बिघाड लाइनमध्ये नव्हता, माझ्या प्रोग्रामात होता.

साहेबांनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो. हळू आवाजात म्हणाले, "पहिलं राहू द्या. त्यानं त्या बाईंचं भलं होईल. दुसरं काढा. त्यानं कुणाचं भलं होणार आहे? विभाग बंद करतील. तुमचं वय काय!"

मी कागद परत घेतला आणि पहिलं तेवढं ठेवून पुन्हा लिहिला. स्वतःशी म्हटलं, महत्त्वाचं ते राहिलं.

शेवंताबाई गजभिये यांना वजनकाट्यावर नोकरी लागली. दिवाळीनंतर त्यांना टर्मिनल, म्हणजे काट्यावरचा पडदा आणि कळा, शिकवायला मला कन्हानला जावं लागलं. नदीवरून गार वारा येत होता, काट्याच्या खोलीत कोळशाची भुकटी, खिडकीतून ते खांब एका ओळीत दिसत होते. बाई लवकर शिकल्या. बोटं घाबरत होती, पण नजर पक्की. दुपारी डबा खाताना त्या एकदम म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू काय?"

"विचारा ना."

"इथले लोक म्हणते, यायचे जोड कच्चे होते. म्हणून लाइन बिघडली, म्हणून जा लागलं उन्हात. मॅनेजर साहेबांच्या कागदावर तसंच लिहिलं आहे म्हणते. तुमाले माहीत असन." त्यांनी घास खाली ठेवला. "हे घरी आले का बोटं दाखवत. डाग देऊन देऊन जळलेली राहत. ज्या मानसाची बोटं अशी, त्याचे जोड कच्चे कसे असन?"

चौकशीचा निष्कर्ष काय निघाला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी जे वाक्य खोडलं, त्याच्या जागी कुणीतरी हे वाक्य लिहिलं होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. फोन, चार वाजताचं, आठवं पाकीट, खोडलेलं चिन्ह, खोडलेलं वाक्य. सांगताना रडले. त्या रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू मिटत गेला. बाहेर एक ट्रक काट्यावर चढला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्या उठल्या, वजन टर्मिनलवर घातलं, पोच आल्याचं बघितलं, आणि मग माझ्याकडे न बघता बोलल्या.

"हे मले काहून सांगून राहिल्या तुमी?"

मी डोळे पुसले.

"तुमाले हलकं वाटन. मी आता हे घेऊन घरी जाऊ? पोरीयले काय सांगू, तुह्या बापाले एका बाईनं बिनकामाचं पाठवलं?" आवाज चढला नव्हता. "मले नका सांगू. जिथं त्यायले कच्चं लिहिलं, तिथं लिहून द्या."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. कामठीचे दिवे लागत होते. मला अजूनही पळवाटा सुचत होत्या, हे मी लपवणार नाही. कोण वाचणार, झालं ते झालं, नोकरी गेली तर घरी काय सांगायचं. पण दुसऱ्या दिवशी मी लिहिलं. मराठीत लिहिलं, डेपोतल्या कुणालाही वाचता यावं म्हणून. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. एक घेऊन मी स्वतः कन्हानला गेले आणि डेपोच्या फाटकाजवळच्या फळ्यावर, पाळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी टाचली. पाठक साहेब त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलले, आणि दोन महिन्यांनी मला संगणकाच्या खोलीतून आवक-जावक विभागात बसवलं. तिथं पंखा होता. मला तक्रार करायची नव्हती, आणि केलीही नाही. मी प्रोग्राम पुन्हा कधी लिहिला नाही.

फळ्यासमोर पाच-सहा हमाल आणि दोन ड्रायव्हर जमले होते. एक जण मोठ्यानं वाचत होता. शेवंताबाई काट्यावरून चालत आल्या, मैलभर, त्या खांबांच्या कडेकडेनं. लोक बाजूला झाले. त्या हळूहळू, बोट ओळीवर फिरवत वाचू लागल्या. वाचता वाचता दोनदा थांबल्या. 'गजभिये यांनी बांधलेले सर्व जोड पक्के होते' या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. शिव्या दिल्या असत्या तरी मी घेतल्या असत्या.

"यात नाव नाही," त्या म्हणाल्या.

मला समजलं नाही. "आहे ना. गजभिये—"

"डेपोत गजभिये तिघं आहेत. पूरं नाव लिहा."

मी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि हात तसाच थांबला. एक अख्खा उन्हाळा मी त्या माणसाशी रोज बोलले होते. त्याच्या घरच्या करंज्या खाल्ल्या होत्या. मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

शेवंताबाईंना ते कळलं. त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदाच. मग पदर डोक्यावर घेतला आणि एकेक शब्द तोडून, टर्मिनलवर वजन सांगावं तसं, सांगितलं.

ओळीत जागा नव्हती. मी वरच्या मोकळ्या पट्टीत, कागद फळ्यावर दाबून धरत, बारीक अक्षरात लिहिलं: वासुदेव तुळशीराम.